हातचा न येणारी संख्या

डोंबिवली स्टेशनाच्या नावाच्या संख्या आहेत, हे मला मध्य रेल्वेने पंधरा वर्षं ये-जा केल्यावर कळलं. त्यांना डेमलो संख्या म्हणतात. नाव ठेवलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तर होते. ६१७४ या संख्येमुळे जगभर ज्यांचं नाव झालं, तेच हे. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनावर या संख्यांचा विचार त्यांच्या मनात आला, म्हणून त्यांनी स्टेशनाचंच नाव संख्यांना देऊन टाकलं. १९३८ साली त्यांचा यावरचा लेख 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात छापून आला.

या कुळातली सगळ्यांत देखणी संख्या मला वाटते ती ही:

१२३४५६७८९८७६५४३२१

नऊ एके शेजारी शेजारी लिहिले, की १११११११११ होतात. त्यांना त्यांनीच गुणलं, की ही संख्या येते. सतरा अंक. एकापासून एकेक पायरी चढत नऊपर्यंत जायचं आणि तशाच पायऱ्या उतरून एकावर यायचं. उलटी वाचली तरी तीच.

आधी ती मराठीत वाचून बघू. एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. 'कोटी' दोनदा आलं, ते चुकून नव्हे. रोजच्या व्यवहारातली आपली नावं कोटीपाशी थकतात, म्हणून कोटींचेच कोटी मोजावे लागतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त मात्र अठरा घरांना अठरा नावं आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपल्या संख्येचा पहिला १ सतराव्या घरात, म्हणजे 'मध्य'मध्ये बसतो. परार्धाला एकच घर कमी.

किती मोठी आहे याचा अंदाज हवा असेल तर सेकंद मोजा. १११११११११ सेकंद म्हणजे साधारण साडेतीन वर्षं. त्याच्या वर्गाइतके सेकंद म्हणजे सुमारे ३९ कोटी वर्षं.

आता मुख्य प्रश्न. नऊ एक्यांचा वर्ग केल्यावर हा डोंगर का उभा राहतो? याचं उत्तर मला पाटीवरच्या गुणाकारापेक्षा लोकलच्या दारात उभं राहून जास्त नीट कळलं.

शीव आणि कुर्ल्याच्या मधे कुठेतरी तुमची डाऊन गाडी धावते आहे आणि शेजारच्या रुळावर समोरून अप गाडी येते आहे. दोन्ही नऊ डब्यांच्या. (हार्बरवर काही वर्षांपूर्वीपर्यंत नऊ डब्यांची गाडी रोजचीच होती.) दोन मोटरमन एकमेकांसमोर आले त्या क्षणापासून मोजायला लागा. आधी फक्त पहिल्या डब्याशेजारी पहिला डबा: १. गाड्या अर्धा-अर्धा डबा पुढे सरकल्या, म्हणजे एकमेकींच्या मानाने एक डबा, की शेजारी आलेल्या डब्यांच्या जोड्या २. मग ३, ४, ५. असं करत एका क्षणी दोन्ही गाड्या बरोबर शेजारी शेजारी: ९. त्यानंतर पुढचे डबे सुटायला लागतात. ८, ७, ६… आणि शेवटी दोन्ही गार्डांचे डबे शेजारी: १. सतरा क्षण, सतरा आकडे. हीच आपली संख्या.

ही नुसती उपमा नाही. गुणाकारात हेच घडतं. छोटं उदाहरण घेऊ, १११ × १११. शतंच्या रकान्यात किती एके जमतात? वरच्या संख्येतला एकं आणि खालच्या संख्येतला शतं मिळून एक. दहं आणि दहं मिळून दुसरा. शतं आणि एकं मिळून तिसरा. एकूण ३. वरच्या संख्येत आपण एक घर डावीकडे गेलो, की खालच्या संख्येत एक घर उजवीकडे जावं लागतं, तरच गुणाकार त्याच रकान्यात पडतो. एक गाडी इकडे, दुसरी तिकडे. म्हणून १११ × १११ = १२३२१. तीन डब्यांच्या दोन गाड्या एकमेकींशेजारून गेल्या, एवढंच झालं.

हे चित्र एकदा मनात बसलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप मिळतात. या संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज किती? एक ते नऊ आणि परत एक, अशी बेरीज करत बसायची गरज नाही. गाड्या पूर्ण एकमेकींशेजारून जाताना इकडचा प्रत्येक डबा तिकडच्या प्रत्येक डब्याला नेमका एकदा भेटतो. नऊ गुणिले नऊ, ८१ भेटी. अंकांची बेरीज ८१.

कापरेकरांनी डेमलो संख्येची जी खूण धरली तीही इथे दिसते. संख्येचे तीन तुकडे करा: डावा, मधला, उजवा. डाव्यात उजवा मिळवला की मधल्या तुकड्यातलाच अंक पुन्हा पुन्हा यायला हवा. आपल्या संख्येत डावा तुकडा १२३४५६७८, मधे ९, उजवा ८७६५४३२१. बेरीज करून बघा: ९९९९९९९९. गाड्यांच्या भाषेत सांगायचं तर, येताना जेव्हा तीन डबे भिडले होते, त्याच्या बरोबर नऊ क्षणांनंतर सहा डबे भिडलेले असतात. तीन आणि सहा नऊ. चार आणि पाच नऊ. प्रत्येक जागी हेच.

मग दहा डब्यांची गाडी केली तर? डोंगर दहापर्यंत चढायला हवा. पण एका घरात दहा मावत नाहीत. इथे शाळेतला आपला जुना सोबती येतो, हातचा. मधल्या रकान्यात १० आले: शून्य लिहा, हातचा एक. डावीकडच्या घरात ९ होते, हातचा मिळून तिथेही १०: पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे ८ होते, ते ९ झाले आणि हातचा तिथे जिरला. दहा एक्यांचा वर्ग म्हणून असा दिसतो:

१२३४५६७९००९८७६५४३२१

उजवी उतरण जशीच्या तशी शाबूत, कारण हातचा नेहमी डावीकडे जातो. डाव्या चढणीवरचा ८ मात्र नाहीसा झाला. आज धावणाऱ्या बारा डब्यांच्या गाड्यांचं केलं तर येतं १२३४५६७९०१२३२०९८७६५४३२१. तिथेही डावीकडे सातानंतर एकदम नऊ. (दहा एक्यांच्या वर्गात एकोणीस अंक आहेत. म्हणजे नऊनंतर पुढे गेलो, की डोंगरही मोडतो आणि 'लीलावती'तली अठरा नावंही संपतात. हा योगायोगच, पण मला तो फार आवडतो.)

तो हरवलेला ८ तुम्ही पूर्वी पाहिला असेल. शाळेत कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर १२३४५६७९ लिहून, त्याला ९ ने गुणायला सांगतं. उत्तर १११११११११. अठराने गुणलं तर २२२२२२२२२, सत्ताविसाने गुणलं तर ३३३३३३३३३. सगळे विचारतात, यात आठ का नाही? कारण तोच. १ ला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं अखंड चालतं. ८१ म्हणजे ९ × ९, आणि १ भागिले ९ म्हणजे ०.१११११…, कधीच न संपणारी गाडी. अशा दोन गाड्यांचा गुणाकार केला, की रकान्यांत १, २, ३ असे वाढत नऊ, दहा, अकरा येत राहतात, थांबतच नाहीत. दहाचा हातचा नवात जातो, नवाचे दहा होतात, त्यांचा हातचा आठात जातो. आठाचे नऊ होतात. आठ हरवत नाही, त्याच्यावर हातचा चढतो.

म्हणून मला १२३४५६७८९८७६५४३२१ चं खरं वैशिष्ट्य हे वाटतं, की ती हातचा न घेता होणारी या रांगेतली शेवटची संख्या आहे. तिच्या अंकांत गुणाकाराचं सगळं काम उघडं दिसतं, कुठेही काही पुढच्या घरात सरकवलेलं नाही.

असं रूप पाहून आनंदणारे कापरेकर पहिले नव्हेत. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितींनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या येते, आणि तिचं वर्णनच 'एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी' असं केलेलं आहे. सहा डब्यांची गाडी.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. डोंगरासारखं दिसणं हा संख्येचा गुण आहे की आपल्या लिहिण्याचा? लिहिण्याचा. आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून नऊ एक्यांपर्यंत हातचा येत नाही. सोळाच्या पटीत मोजलं असतं (संगणकाचं काम करणारे मोजतातच), तर एका घरात पंधरापर्यंत मावलं असतं आणि पंधरा डब्यांची लोकलही हातच्याशिवाय पार झाली असती. पण मग तो डोंगर वेगळ्याच संख्येचा असता आणि आपली ही संख्या सोळाच्या पटीत लिहिल्यावर अगदी साधी, ओळखूही न येणारी दिसली असती. कशाही प्रकारे लिहिली तरी न बदलणारं जे असतं ते अवयवांत.

तेव्हा अवयव पाडू. १११११११११ मध्ये तीन-तीन एक्यांचे तीन गट दिसतात, म्हणून ते १११ × १००१००१ आहे. १११ म्हणजे ३ × ३७. आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. एकूण नऊ एके म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपली संख्या त्याचा वर्ग, म्हणजे तिच्यात ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. दुसरा कुठलाही मूळ अवयव नाही.

पण ३३३६६७ मूळ आहे हे कशावरून? याचं वर्गमूळ ५७७ पूर्णांक काहीतरी येतं. याला भाग जात असेल तर ५७७ पर्यंतच्या एखाद्या मूळ संख्येने जायलाच हवा. अशा मूळ संख्या १०६ आहेत. एकशे सहा भागाकार. पूर्वी माणसं असे भागाकार हाताने करत, आणि मीही एका रविवारी करायला बसलो होतो. पण एक फार सुंदर आडवाट आहे.

१ ला ७ ने भागा: ०.१४२८५७ हे सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. १३ ने भागा: ०.०७६९२३, पुन्हा सहा. ३७ ने भागा: ०.०२७, तीन अंक. नीट बघा, ७ ला ६ अंकांचा फेरा, १३ ला ६ चा, ३७ ला ३ चा. फेऱ्याची लांबी नेहमी मूळ संख्येपेक्षा एकाने लहान असलेल्या संख्येला भागते: ६ ला ६, १२ ला ६, ३६ ला ३. सतराव्या शतकात फर्मा यांनी मांडलेल्या नियमातून हे निघतं, आणि २ व ५ सोडून प्रत्येक मूळ संख्येला लागू पडतं.

आता ३३३६६७ ला भागणारी एखादी मूळ संख्या असेल असं धरा. ती नऊ एक्यांनाही भागेल, म्हणजे नऊ नव्वांनाही, ९९९९९९९९९ लाही. याचा अर्थ १ ला तिने भागलं की नऊ-नऊ अंकांनी पुनरावृत्ती होईल. फेरा स्वतः ९ चा असेल, नाहीतर ३ चा किंवा १ चा. तीन किंवा एक अंकाचा फेरा असणाऱ्या मूळ संख्या दोनच, ३ आणि ३७. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तेव्हा ३ ने भाग जात नाही. ३७ ने भागलं तर १ उरतो. म्हणजे फेरा नेमका ९ अंकांचाच हवा. म्हणून त्या मूळ संख्येतून १ वजा केला की ९ ने भाग जायला हवा, आणि मूळ संख्या विषम असल्यामुळे १८ ने.

आता यादी करा: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा! ३७ तर आपण तपासलाच आहे. एकशे सहा भागाकारांचे सोळा झाले. चहा निवायच्या आत होतात. एकानेही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ आहे, आणि १ ला तिने भागलं की ०.०००००२९९७ हे नऊ अंक परत परत येतात.

अवयव हातात आले की भाजक किती हे सांगणं सोपं. ३ किती वेळा घ्यायचा याचे पाच पर्याय (शून्य ते चार), ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. या अवाढव्य संख्येला फक्त ४५ भाजक आहेत. एरवी भाजकांच्या जोड्या लागतात, म्हणून त्यांची संख्या सम येते. इथे १११११११११ ची जोडी स्वतःशीच लागते, म्हणून विषम.

कापरेकरांनी आणखी एका प्रकारच्या संख्यांना नाव दिलं होतं, हर्षद. हर्ष देणारी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येची बेरीज ८१. भाग जातो का? इथे घाई करू नका. अंकांच्या बेरजेवरून ३ आणि ९ ची परीक्षा होते, त्यापुढे नाही. १८९९ ची बेरीज २७, पण २७ ने भाग जात नाही. इथे मात्र खात्री आहे, कारण नऊ एक्यांना ९ ने भाग जातो, म्हणून त्यांच्या वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे तोच आठ नसलेल्या १२३४५६७९ चा वर्ग. एका डब्यापासून नऊ डब्यांपर्यंतच्या नऊ संख्यांत हर्षद तीनच आहेत: १, १२३२१ आणि ही. एक, तीन आणि नऊ डब्यांच्या. डब्यांच्या संख्येने तितक्याच एक्यांना भाग जायला हवा, आणि तो या तिघांतच जातो. एकाच माणसाने वेगवेगळ्या वेळी ठेवलेली दोन नावं एकाच संख्येवर येऊन बसली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि जगाला ते कळले. तोवर निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती.

शेवटी एक प्रयोग, ऑफिसात बसून करता येण्यासारखा. एक्सेलमध्ये १११११११११ चा वर्ग करा आणि चौकट रुंद करून आकडा पूर्ण दिसेल असा ठेवा. उत्तर येईल १२३४५६७८९८७६५४३००. एक्सेल पंधरा अंकच नीट सांभाळतं, पुढे शून्यं भरतं. एका नोकरीत पगाराच्या यादीत सोळा अंकी खाते क्रमांकांचे शेवटचे अंक असेच शून्य झाले होते, आणि ते शोधण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारलंत तर ते शेवटी २१ ऐवजी २० सांगेल. संगणक सहसा ज्या पद्धतीने असे आकडे साठवतो, तीत ९००७१९९२५४७४०९९२ च्या, म्हणजे २ च्या ५३ व्या घाताच्या पुढे सगळ्या पूर्ण संख्या मावत नाहीत. तिथून त्याच्या दुपटीपर्यंत फक्त सम संख्याच मावतात. आपली विषम आहे, तिला जागाच नाही.

ही चूक पकडायला दुसरा संगणक लागत नाही. एक्सेलच्या उत्तरातले अंक मिळवा: ७८. सात आणि आठ पंधरा, एक आणि पाच सहा. नवाने भाग जात नाही, आणि नऊ एक्यांच्या वर्गाला तो जायलाच हवा. जावास्क्रिप्टच्या उत्तराची बेरीज ८०, तेही गेलं. मग कागद घ्या, नऊ एके एकाखाली एक सरकवत नऊ ओळी मांडा आणि उजवीकडून रकाने मोजत या. सतरा रकाने, आणि एकातही हातचा येत नाही.